अर्धा शिक्का

३ जानेवारी, सकाळी

लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. माफी कुणाची मागतोय ते कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. मागच्या वर्षी पहिल्याच पानावर 'रोज लिहीन' असं लिहिलं, आणि त्यानंतर थेट आज. मधली पानं कोरी. ती वाया जाऊ नयेत म्हणून जुन्याच डायरीत लिहितो. छापलेले वार चुकतील. चुकू देत.

या वर्षीचे संकल्प. तिकिटांचा संग्रह नीट लावून काढायचा. मार्चमध्ये नगरवाचनालयात टपाल तिकिटांचं प्रदर्शन आहे, त्यात भाग घ्यायचा आणि पहिलं बक्षीस आणायचं. त्यासाठी दादाकडून उरलेला तुकडा मिळवायचा. आणि कुणावर चिडायचं नाही.

दुपारी

शेवटचा संकल्प मोडला. तिकिटं उचलायच्या चिमट्याने हिने बोटातलं कुसळ काढलं. वर म्हणते, इतकी वर्षं घरात आहे, पहिल्यांदा कामाला आला.

४ जानेवारी

संग्रहाची माहिती लिहून ठेवतो. उद्या मी नसलो तर लोकांना काय कळणार?

वडील टपाल खात्यात सॉर्टर होते. साहेबाच्या राज्यात नोकरीला लागले, आपल्या राज्यात रिटायर झाले, टेबल तेच. घरी येताना फाटकी पाकिटं, टाकून दिलेली वेष्टनं आणायचे. दादा आणि मी त्यावरची तिकिटं भिजवून काढायचो. मी लहान होतो, तिकिटामागचा डिंक चाटायचो. गोड लागायचा. त्यावरून दादाने मला 'डिंक्या' नाव ठेवलं, ते सगळ्या आळीत झालं. मला अजून राग आहे.

वडील गेल्यावर अल्बमची वाटणी झाली. एक तुला, एक मला, अशी. सगळं शांततेत. शेवटी एकच वस्तू उरली. राणीच्या मुंडक्याची दोन निळी तिकिटं जोडीने लावलेलं, बोटीने आलेलं एक कव्हर. कव्हर म्हणजे साधं पाकीटच, पण टपालातून प्रवास करून आलेलं. दोन्ही तिकिटांवर मिळून एकच गोल शिक्का बसलेला. वडील म्हणायचे, असा शिक्का मारणारा हात पुन्हा व्हायचा नाही.

दादा म्हणाला मी थोरला. मी म्हटलं वडिलांचं आजारपणात मी केलं. मग न्यायाने वागायचं ठरलं. मी तेव्हा छापखान्यात बाइंडिंग खात्यात होतो, कटिंग मशीन माझ्याकडे असायचं. मी पातं घेतलं, पट्टी धरली आणि दोन तिकिटांच्या मधून कव्हर सरळ कापलं.

कट बघण्यासारखा आहे. तिकिटाच्या कडेचा एक दात तुटलेला नाही.

मोठा भाग माझ्याकडे आला. पत्ता, एक तिकीट, अर्धा शिक्का. दादाकडे बोटभर रुंदीची पट्टी, तिच्यावर दुसरं तिकीट आणि उरलेला अर्धा शिक्का. दादा म्हणाला, तू मोठा तुकडा लाटलास. पण खरं म्हणजे फसलो मी. शिक्क्यातला दिवस आणि महिना माझ्याकडे आला, साल दादाकडे गेलं. सालाशिवाय तारखेला कोण विचारतं?

तेव्हापासून बोलणं नाही. म्हणजे आहे, पण लग्नाकार्यात, बाहेरच्या माणसांसारखं. वहिनी गेली तेव्हा गेलो होतो. उभ्या उभ्या.

७ जानेवारी

थंडी. अल्बमला कसर लागली की काय म्हणून प्रत्येक पान उन्हात धरलं. कसर नाही. पण धरताना एक तिकीट उडालं ते सापडत नाही. बहुतेक गच्चीवरून खाली. शेजारी जाऊन विचारलं. शेजारीण म्हणाली, काका, तिकीट पडलं म्हणून कुणी जिने चढउतार करतं का? तिला काय सांगणार.

ही म्हणते, दादाभाऊजींना फोन करा, सरळ विषय काढा. मी म्हटलं, अशा गोष्टी फोनवर होत नसतात, टपालाची गोष्ट टपालानेच. ती म्हणाली, मग जाऊन या, बसने तीन तासांचा तर रस्ता. मी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, गच्चीवर जाताना गुडघे कुठे ठेवता?

११ जानेवारी

दादाला पत्र लिहिलं. चार मसुदे झाले. पहिल्यात जुन्या आठवणी आल्या, फाडला. दुसऱ्यात तक्रारी आल्या. तिसऱ्यात दोन्ही. चौथा जमला:

महोदय, विषय: कव्हराचा उर्वरित भाग. सदर भाग प्रदर्शनासाठी हवा आहे. तरी कृपया पाठवावा. काळजीपूर्वक परत केला जाईल. आपला.

हिला वाचून दाखवलं. हसून हसून तिला ठसका लागला. सख्ख्या भावाला महोदय? अहो, वीज कापणारेसुद्धा याहून प्रेमाने लिहितात! मी म्हटलं, मुद्देसूद आहे. प्रेम गृहीत असतं.

१२ जानेवारी

पत्र टाकलं. पाकिटावर पक्ष्यांची सुंदर तिकिटं लावली, दादाला कळावं की माझी आवड अजून आहे. काउंटरवरच्या बाईंना विनंती केली की शिक्का हलका आणि बरोबर कोपऱ्यात मारावा. त्यांनी माझ्याकडे बघत बघत पक्ष्याच्या तोंडावर हाणला.

२० जानेवारी

उत्तर नाही.

२३ जानेवारी

उत्तर नाही. दादा मुद्दाम करतोय. लहानपणीही असाच. मी हाक मारली की ऐकू येऊनही घड्याळ खोलत बसायचा. पुढे घड्याळं दुरुस्त करायचाच धंदा केला. माणसाचा स्वभाव धंद्यात उतरतो.

२७ जानेवारी

ही दर आठवड्याला दादाच्या सुनेशी फोनवर बोलते, हे आज कळलं. म्हणजे माझ्या घरातच हेर. ती म्हणाली, भाऊजींना हल्ली विसरायला होतंय. परवा चष्मा डब्यात ठेवला आणि डबा डोळ्यांना लावून पाहिला. सुनेला कधी सून म्हणतात, कधी वहिनींच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार.

मी म्हटलं, दादाला सोयीचं तेवढं विसरायची सवय पहिल्यापासून आहे. डॉक्टरला काय माहीत? डॉक्टर त्याच्याबरोबर एका खोलीत वाढलाय का?

हिने फोनची वायर गुंडाळली आणि आत गेली. ती बोलली नाही की मला फार बोलल्यासारखं वाटतं.

२ फेब्रुवारी

प्रदर्शनात नाव दिलं. सेक्रेटरी मान आखूड आणि टाय लांब असा गृहस्थ आहे. म्हणाला, काका, विषय काय? मी म्हटलं, बोटीने आलेलं साहेबाच्या काळातलं टपाल. तो म्हणाला, वा, पूर्ण कव्हर आहे का? मी म्हटलं, पूर्ण होण्याच्या मार्गावर आहे.

खोटं नाही ते.

५ फेब्रुवारी

आज छान झोप झाली. स्वप्नात वडील शिक्का मारत होते. शाई नव्हती. बाकी काही नाही.

नवीन योजना: दादाचा तुकडा आला की दोन्ही तुकडे मागून हिंजने जोडायचे. हिंज म्हणजे तिकीट अल्बमला लावायची डिंकाची पातळ पट्टी. जोड दिसणार नाही. इतका सरळ कट दुसऱ्या कुणी केला असता तर जोडताही आला नसता. एका अर्थी मीच ते कव्हर वाचवलं.

९ फेब्रुवारी

सकाळी बशीत तिकिटं भिजत घातली होती. ही बाजारात. अशा वेळी जागचं हलता येत नाही, तिकीट पाण्यात जास्त राहिलं की रंग सुटतो. नेमका पोस्टमन खालून ओरडला, काका, पत्र आहे, नॉटपेड आहे, या खाली!

मी खिडकीतून सांगितलं, नॉटपेड मी घेत नाही, तुला माहीत आहे. वडिलांचा नियम आहे. ज्याला पत्र पाठवायचंय त्याने तिकीट लावावं. घेणाऱ्याने दंड का भरायचा?

पोस्टमन म्हणाला, तिकीट लावलंय हो, पण वापरलेलं आहे, वर जुना शिक्का आहे.

मला संताप आला. वापरलेलं तिकीट पुन्हा लावायचं! ही शुद्ध फसवणूक. आमचे वडील असते तर पाठवणाऱ्याला शोधून काढलं असतं.

तो म्हणाला, अक्षर पण वेडंवाकडं आहे, नाव नीट लागत नाही, पत्ता मात्र तुमचाच. मागे पाठवणाऱ्याचं नाव आहे, वाचून दाखवू का?

मी म्हटलं, खबरदार! वडील सांगायचे, नॉटपेड पत्रावरचं नाव ऐकूच नये. नाव ऐकलं की माणूस विरघळतो.

तो म्हणाला, बघा हं काका, परत जाईल मग. मी म्हटलं, खुशाल जाऊ दे. 'घेण्यास नकार' लिही, ठळक लिही.

तो गेला. तिकिटं वेळेवर पाण्यातून काढली. एकाचाही रंग गेला नाही. तत्त्वाला जागलो. एकंदरीत चांगला दिवस.

१० फेब्रुवारी

दादाचं उत्तर नाहीच. पक्ष्यांची तिकिटं फुकट गेली.

१५ फेब्रुवारी

आता मीही ठरवलंय. दादाने तुकडा पाठवला तरी आभार मानणार नाही.

संध्याकाळी

मानीन. पण थोडक्यात.

१९ फेब्रुवारी

प्रदर्शनाचं पान तयार केलं. मधोमध माझा तुकडा. त्याच्या कडेला जेवढी जागा दादाच्या पट्टीला लागेल तेवढी कोरी सोडली आणि पेन्सिलीने तुटक रेषेची चौकट आखली. आत लिहिलं, 'हा भाग बंधूंकडे आहे.'

ही बराच वेळ पानाकडे बघत उभी होती. म्हणाली, एवढीशी तर जागा आहे. मी म्हटलं, बोटभर. ती म्हणाली, तेच म्हणते.

२ मार्च

प्रदर्शन सुरू. माझी फ्रेम सापडेना. मोठ्यांच्या दालनात नाही, पाहुण्यांच्या नाही. शेवटी पाणी प्यायला गेलो तर पिंपाशेजारी बालविभागात दिसली. एका बाजूला फुलपाखरांची तिकिटं, दुसऱ्या बाजूला आगगाड्यांची.

सेक्रेटरीला गाठलं. तो म्हणाला, काका, रागावू नका, कापलेलं कव्हर मोठ्यांच्या विभागात नियमाने बसत नाही. परत पाठवायचं जिवावर आलं. मुलांकडे जागा होती.

मी म्हटलं, कट तरी बघा. तो म्हणाला, बघितला. असा कट मी जन्मात पाहिला नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

फुलपाखरांवाली मुलगी विचारायला लागली, आजोबा, उरलेलं कुठंय? मी सांगितलं, येतंय. टपालात आहे.

४ मार्च

निकाल. फुलपाखरांना पहिलं बक्षीस. मला 'सहभागाबद्दल' रंगीत पेन्सिलींचा बॉक्स. बालविभागात सगळ्यांनाच देतात. परत करणार होतो, पण निळी पेन्सिल अगदी राणीच्या तिकिटाच्या छटेची आहे.

घरी आलो तेव्हा ही दादाच्या सुनेशी फोनवर होती. मला बघून म्हणाली, घ्या, तुम्हीच बोला एकदा. मी हाताने नको नको केलं, तोवर रिसीव्हर कानाला लागला होता.

सून म्हणाली, काका, बाबांचं पत्र मिळालं ना तुम्हाला?

मी म्हटलं, कसलं पत्र? पत्र कुठे?

ती म्हणाली, अहो, तुमचं पत्र आलं तेव्हा बाबांची तब्येत बरी होती. चार वेळा वाचलं. महोदय, महोदय म्हणून हसत होते. मग कपाटातून ती जुन्या तिकिटाची पट्टी काढली, पाकिटावर तिकिटाच्या जागी चिकटवली, आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकून आले. मी मागून ओरडले, बाबा, तिकीट लावा! तर म्हणाले, लावलंय की. त्याला तिकीटच हवंय ना?

मी विचारलं, विसरून चिकटवलं की चेष्टेने?

ती म्हणाली, काय सांगू काका? तेव्हा हसत होते. पण हसतात तर ते हल्ली कशालाही.

आज पुढे लिहवत नाही.

५ मार्च

पोस्टात गेलो. पोस्टमन नेमका वाटपाला निघत होता. त्याला विचारलं, ते नॉटपेड पत्र कुठे गेलं? तो म्हणाला, कुठे जाणार, मागे नाव होतं त्या पत्त्यावर परत. तुम्हीच म्हणालात ठळक लिही, मी लाल पेनाने लिहिलं.

म्हणजे गहाळ नाही झालं! सुखरूप आहे. दादाच्या घरीच आहे. उगाच घाबरलो होतो.

शिवाय शांत डोक्याने विचार केला. जुन्या राज्याचं तिकीट, त्यावर अर्धा शिक्का, आजचा दंडाचा शिक्का, वर लाल अक्षरात नकार, आणि परतीचा प्रवास. असं कव्हर दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नाही. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या विभागात सेक्रेटरी स्वतः फ्रेम लावेल. एका अर्थी नकार दिला तेच बरं झालं.

हिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, भाऊजींना कसं वाटलं असेल परत आलेलं बघून? मी म्हटलं, त्याला कुठे कळतंय. डॉक्टरच म्हणाले ना?

ती म्हणाली, आता बरे आठवले तुम्हाला डॉक्टर.

६ मार्च

रविवारी बसने जायचं ठरवलं. गुडघे बरे आहेत. प्लॅन: आपला तुकडा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून न्यायचा. चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, मग सहज विषय काढायचा. भावनेच्या भरात काही बोलायचं नाही. परतीची शेवटची बस पकडायची.

१३ मार्च

रविवारी जाऊन आलो. लिहायला चार दिवस लागले. प्रवासाने अंग मोडून आलं होतं.

दादा खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. फार वाळलाय. समोर त्याचं जुनं कामाचं टेबल, त्यावर डोळ्याला लावायचं भिंग आणि एक खोललेलं घड्याळ, ज्याचं काही होणार नाही. माझ्या खांद्याला पिशवी, हातात पुठ्ठ्याचं पाकीट. मला बघून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, या या, पोस्टमनसाहेब, बसा. दमला असाल. अगं, यांना पाणी दे.

सून म्हणाली, बाबा, हे काका. तुमचे धाकटे भाऊ.

दादा म्हणाला, अहो, बसा ना.

जन्मात पहिल्यांदा दादाने मला अहो म्हटलं. भांडणातसुद्धा त्याने कधी मला अहो म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, दादा, मी. डिंक्या.

तो जोरात हसला. म्हणाला, काहीतरीच काय! डिंक्या एवढा आहे. आणि टेबलाच्या उंचीला हात धरला.

मग आवाज खाली आणून विचारलं, त्याचं पत्र आणलंत का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, असू दे, अभ्यास असेल त्याला. मग खुर्चीतल्या उशीखालून, सुनेलाही न दाखवलेलं एक पाकीट काढलं. तेच. कोपऱ्यात पट्टी चिकटवलेली, निळी राणी, अर्धा शिक्का. बाजूला दंडाचा शिक्का, आडवं लाल 'घेण्यास नकार'. पत्त्याच्या वर वेड्यावाकड्या अक्षरात 'चि. डिंक्या यास'.

दादा म्हणाला, हे परत आलं बघा. बहुतेक घर बदललं त्याने. तो नाही म्हणायचा नाही. डिंक चाटायला मिळेल म्हणून माझ्या आधी दारात पळायचा पत्र घ्यायला.

मी पिशवी खांद्यावरून उतरवली. ठरवलंच होतं तसं, भावनेच्या भरात काही बोलायचं नाही म्हणून.

पुठ्ठा उघडून माझा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने भिंग डोळ्याला लावलं. कड निरखत राहिला. म्हणाला, कट बघा. असा कट आमच्या डिंक्याचा. छापखान्यात नाव आहे त्याचं. मी म्हटलं, हो का? तो म्हणाला, हो. पण रागात कापलंय हे. रागात असला की फार सरळ कापतो.

मग त्याने स्वतःच माझा तुकडा सरकवत सरकवत पाकिटावरच्या पट्टीला भिडवला. दात दाताला लागले. दोन्ही राण्या शेजारी आल्या. गोल पुरा झाला. दिवस, महिना, साल.

मी साल वाचलं. इतकी वर्षं ते जाणून घ्यायचं होतं, आणि आता इथे लिहायला घेतलं तर आठवत नाही. बसमध्ये हलल्यामुळे असेल.

दादा म्हणाला, वडिलांना दाखवायला हवं, ड्यूटीवरून आले की.

विषय सहज काढला. म्हटलं, हे पाकीट माझ्याकडे द्या, मी पोचवतो. दादाने दोन्ही तुकडे छातीशी धरले. म्हणाला, तसं नाही हो देता यायचं. तुम्ही भले माणूस आहात, पण हे डिंक्याचं आहे. एकदा टपालाने परत आलं. आता त्याच्याच हातात देणार. तो आला की.

सून म्हणाली, काका, ते झोपले की मी काढून देते. मी म्हटलं, नको.

शेवटची बस चुकली. तिथेच राहिलो. सकाळी निघताना दादाने दारापर्यंत येऊन विचारलं, उद्या याल ना? मी म्हटलं, टपाल असलं तर. तो म्हणाला, नसलं तरी या.

१४ मार्च

माझा तुकडाही तिथेच राहिला. विसरलो. घाईत असं होतं, आमच्या घराण्यातच विसरभोळेपणा आहे.

ही म्हणाली, एक हिंज हरवली तर कोच उलटा करणारे तुम्ही, तो तुकडा विसरलात? मी म्हटलं, वय झालं. तिने चहा पुढे ठेवला.

प्रदर्शनाहून आणलेलं पान टेबलावर पडलंय. मधोमध हिंजची चौकोनी खूण, बाजूला तुटक रेषेची चौकट. आता दोन्ही जागा रिकाम्या. निळ्या पेन्सिलीने काहीतरी भरावं असं वाटलं. भरलं नाही.

१८ मार्च

सकाळपासून पोस्टमनची वाट बघतोय. खाली जाऊन त्याला सांगून आलो की यापुढे नॉटपेड आलं तर हाक मारायची नाही, वर यायचं, किंवा मला खाली यायला वेळ द्यायचा, पाण्यात काही नसेल. तो म्हणाला, काका, वडिलांचा नियम? मी म्हटलं, वडील रिटायर झाले.

दादाला पत्र लिहिलं. पहिलाच मसुदा. नक्कल इथे ठेवतो.

प्रिय दादा,

पत्र लिहायला फार उशीर झाला. रागावू नकोस. घर बदललेलं नाही, तोच जिना, तीच खिडकी. त्या दिवशी बशीत तिकिटं होती म्हणून खाली आलो नाही, एवढंच. तुझ्याकडे एक पोस्टमन येऊन गेला असं कळलं. माणूस बरा आहे. पुन्हा येईल, रविवारी, टपाल असो नसो.

दोन्ही तुकडे तुझ्याकडेच असू देत. जोडू नकोस, हिंज लावू नकोस, नुसते शेजारी ठेव. साल कोणतं होतं तेवढं एका कागदावर लिहून पाठव, मी विसरलो. सालही नसलं तरी चालेल. काहीही लिही. तिकीट लावायच्या भानगडीत पडू नकोस. नॉटपेड पाठव, मी घेईन. नाव लागलं नाही तरी घेईन.

फक्त लवकर पाठव, दादा. उलट टपाली पाठव.

तुझा
डिंक्या